गल्लीतला वेग उतरवायचाय? गतिरोधकाचा अर्ज सगळ्यात शेवटी

रस्त्यावरून गाड्या भरधाव जातात, एक दिवस कुणाला तरी लागतं, मग चार-पाच जण मिळून गतिरोधकाची मागणी करतात आणि एका रात्रीत डांबराचा उंचवटा येऊन पडतो. महिन्याभरात दिसायला लागतं की दुचाकीवाले कडेच्या फटीतून वेग न सोडता निघून जातात, समोरच्या घरातल्या आजारी माणसाची झोप दर टेम्पोगणिक मोडते आणि उंचवटा ओलांडला की गाडी पुन्हा होती त्या वेगाला येते. मग दुसऱ्या गतिरोधकाचा अर्ज जातो.

यात उपाय आधी ठरतो आणि दुखणं नंतर शोधलं जातं. माझ्या पाहण्यातली बहुतेक बिघडलेली कामं याच उलट्या क्रमामुळे बिघडली. म्हणून खाली टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने घ्या. हे सगळं राहत्या वस्तीतल्या रस्त्यांसाठी आहे. महामार्ग आणि शहरातले मुख्य रस्ते यांचं गणित वेगळं असतं, तिथे हे जसंच्या तसं लावू नका.

टप्पा १: तक्रार नेमकी कशाची आहे ते लिहून काढा

"रस्ता धोकादायक आहे" हे वाक्य कुणाच्याच कामाचं नाही. वस्तीतल्या रस्त्याची दुखणी साधारण चार असतात: गाड्या वेगात जातात, गाड्या फार येतात, कारण मुख्य रस्त्याची कोंडी चुकवायला लोकांना हा शॉर्टकट सापडलाय, वळणावर समोरचं दिसत नाही, किंवा चालायला जागाच नाही. प्रत्येकाचं औषध निराळं. शॉर्टकटच्या गर्दीवर गतिरोधक टाकला की तेवढ्याच गाड्या आवाज करत, धूर सोडत जातात. वळणावरच्या आंधळ्या कोपऱ्याला तर उंचवट्याने काहीच होत नाही.

एक वही घेऊन रस्ता चार वेळा चाला: सकाळी शाळेच्या वेळेला, भर दुपारी, संध्याकाळी आणि रात्री दहानंतर. एका फेरीला काठी टेकत चालणारं कुणीतरी सोबत घ्या, एका फेरीला बाबागाडी ढकलणारं. ते कुठे फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरतात, कुठे थबकतात, कुठे मान वळवून दोनदा बघतात, तेवढंच टिपा.

आणि प्रत्येक कोपऱ्यावर एकदा उकिडवे बसा. लहान मुलाचे डोळे जमिनीपासून जेमतेम मीटरभर उंच असतात. मी पहिल्यांदा असा बसलो तेव्हा ज्या कोपऱ्यावरून मी रोज बिनधास्त रस्ता ओलांडायचो, तिथे मला एका उभ्या गाडीचा बंपर, तिचं चाक आणि चाकामागची भिंत एवढंच दिसलं. येणारी गाडी दिसण्याआधी तिचा आवाज आला. त्या कोपऱ्यावर वेग मोजायची गरजच नव्हती. ती उभी गाडी तिथून हलवायची होती.

टप्पा २: मोजा

इथे लोक सर्वात जास्त टंगळमंगळ करतात आणि पुढे इथेच हरतात. "फार जोरात जातात हो" या म्हणण्याला कुठलाही अभियंता "आमच्या मते नाही" एवढं उत्तर देऊन मोकळा होतो. शंभर गाड्यांचे आकडे समोर ठेवले की त्याला आकड्यांवर बोलावं लागतं.

यंत्र लागत नाही. रस्त्याच्या सरळ भागात टेपने ५० मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना खडूने आडवी रेघ मारा. दोन माणसं हवीत. पहिल्या रेघेवरचा माणूस गाडीचं पुढचं चाक रेघेवर आलं की हात खाली टाकतो, दुसऱ्या रेघेवरचा घड्याळ सुरू करतो आणि चाक आपल्या रेघेवर आलं की बंद करतो. हिशेब सोपा आहे. ५० मीटरला ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, ४.५ सेकंद लागले तर ४०, आणि ३.६ सेकंद लागले तर ५०.

अंतर २० मीटर घेतलं तर नाही का चालणार, असं बरेच जण विचारतात. नाही चालणार. बोटाची चूक ०.२ सेकंदांची झाली तरी ताशी ४० च्या गाडीचा वेग २० मीटरांवर ५ किलोमीटरने चुकतो. ५० मीटरांवर तीच चूक जेमतेम २ किलोमीटरची होते.

फक्त मोकळ्या गाड्या मोजा, म्हणजे जिच्यापुढे दुसरी गाडी नाही आणि जी वळायला किंवा थांबायला हळू होत नाहीये. अशा १०० गाड्यांचे वेग दोन्ही दिशांचे वेगवेगळे लिहा. मग कमी ते जास्त असे ओळीने लावा आणि ८५ व्या गाडीचा वेग बघा. वाहतूक अभियंते हाच आकडा वापरतात. सरासरी सांगू नका. सरासरी ३२ निघाली तरी त्यात ताशी ५५ ने जाणाऱ्या वीस गाड्या लपलेल्या असू शकतात, आणि भीती त्या विसांचीच असते.

गर्दी शॉर्टकटची आहे का हे कळायला रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस बसवा. गाडीच्या क्रमांकाचे फक्त शेवटचे चार आकडे आणि वेळ लिहा. ३०० मीटरचा रस्ता ताशी ३० ने ३६ सेकंदांत संपतो. म्हणजे दोन मिनिटांच्या आत दुसऱ्या टोकाला दिसलेली गाडी इथे कुणाकडे आलेली नव्हती. तासाभरात अशा किती, हे मोजून कागद फाडून टाका. लोकांच्या गाड्यांचे क्रमांक जपून ठेवण्याचं काही कारण नाही.

नेहमीच्या चुका:
– चकचकीत जाकीट घालून रस्त्याकडेला उभं राहणं. माणूस दिसला की चालक आपोआप पाय उचलतो. झाडाआड किंवा फाटकाच्या आत उभे राहा.
– फक्त गर्दीच्या वेळी मोजणं. त्या वेळी गर्दीच वेग खाऊन टाकते. खरे वेग दुपारी आणि रात्री दिसतात.
– वळणापासून वीस-तीस मीटरांवर मोजणं. तिथे गाडी अजून वेग घेतच असते.
– एकाच दिवसावर विसंबणं. दोन कामाचे दिवस आणि एक सुट्टीचा दिवस तरी घ्या.

थांबा आणि तपासा: तुमच्याकडे आता एका पानावर दोन-तीन ठिकाणचा ८५ व्या गाडीचा वेग, तासाला जाणाऱ्या गाड्या, त्यातल्या शॉर्टकटच्या गाड्या आणि जिथे थोडक्यात बचावले अशा जागा आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: किती वेग चालेल ते ठरवा

माणसं आणि गाड्या जिथे एकत्र वावरतात तिथे कमाल मर्यादा ताशी ३० असावी, असं रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलंय. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने १९९२ मध्येच मुख्य रस्ते वगळून गावभर ३० ची मर्यादा लावली होती. पॅरिसने २०२१ मध्ये बहुतेक रस्त्यांवर लावली. अर्जात या दोन ओळी टाका, उपयोगी पडतात. पण शेजाऱ्यांना पटवायला खालचं गणित जास्त कामाला येतं.

ताशी ३० ने येणारी गाडी सेकंदाला ८.३ मीटर जाते, ५० ने येणारी १३.९ मीटर. समोर मूल आलेलं दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद जातो असं धरा. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक असतील तर ३० ची गाडी सगळं मिळून सुमारे १३ मीटरांत उभी राहते. ५० च्या गाडीचे त्या १३ मीटरांत ब्रेकच लागलेले नसतात. जिथे पहिली गाडी थांबून मूल रडत का होईना घरी जातं, तिथे दुसरी गाडी पूर्ण वेगाने आदळते. तिला थांबायला सुमारे २८ मीटर लागतात.

हे मी प्रत्येक बैठकीत रस्त्यावर टेप अंथरून दाखवतो. १३ मीटरवर एक वीट, २८ मीटरवर दुसरी. दोन विटांमधलं अंतर डोळ्यांनी बघितलं की "इतकं काय हळू चालवायचं" असं म्हणणारे गप्प होतात.

सावधान: नुसती ३० ची पाटी लावून वेग ३० वर येत नाही. चालक पाटीपेक्षा रस्त्याचा आकार वाचतो. रुंद, सरळ, दूरवर मोकळा दिसणारा रस्ता त्याला "ॲक्सिलरेटर दाब" म्हणत असतो.

टप्पा ४: नकाशा काढा, आणि पाणी बघा

मोठा कागद घ्या. दर वीस मीटरला रस्त्याची रुंदी मोजून लिहा. फाटकं, विजेचे खांब, झाडं, चेंबरची झाकणं, पाण्याचे व्हॉल्व, बसथांबा, कचऱ्याच्या गाडीची थांबायची जागा, सगळं दाखवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण एका दुपारचं आहे.

पाण्यासाठी मात्र पावसातच बाहेर पडावं लागतं. पाणी कुठून कुठे वाहतं, कुठे तुंबतं, कुठली जाळी गिळत नाही, हे छत्री घेऊन बघा आणि बाणांनी नकाशावर मांडा. रस्त्यावर आडवं काहीही उभं केलं की ते पाण्याच्या दृष्टीने धरण असतं. चांगल्या हेतूने बांधलेल्या उंचवट्यामुळे कुणाच्या अंगणात पाणी शिरलं, तर पुढच्या दहा वर्षांत त्या गल्लीत कुणी सुधारणेचं नाव काढू देत नाही.

याच वेळी जलवाहिनी, सांडपाणी, वीज आणि केबल यांची खोदाई नजीकच्या काळात ठरलेली आहे का, हे लेखी विचारून घ्या. ठरलेली असेल तर तुमचं काम तिच्या नंतर. नवं काम खोदून पुन्हा बुजवलं की ते कधीच पहिल्यासारखं बसत नाही.

टप्पा ५: आराखड्याआधी माणसांना भेटा

आराखडा रंगवून बैठकीत भिंतीवर लावला की लोक फक्त त्याच्या विरोधात बोलतात. कोरा नकाशा टेबलावर अंथरा, लाल पेन ठेवा आणि "तुम्हाला इथे कुठे भीती वाटते?" एवढंच विचारा. "गतिरोधक हवा का?" असं विचारू नका, त्याला हो किंवा नाही एवढीच उत्तरं येतात आणि दोन तट पडतात.

ज्यांच्या दारासमोर काही होणार आहे त्यांच्याशी त्यांच्या दारातच बोला. दुकानदार, कचऱ्याच्या गाडीचा चालक, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिकावाले, यांना वगळू नका. प्रत्येक उंचवट्याला मोठ्या बंबाचे काही सेकंद जातात. सहा उंचवटे म्हणजे किती, हे त्यांनी सांगायचं आणि आपण ऐकायचं.

सावधान: शेजारच्या समांतर गल्लीतल्या लोकांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. तुमची गल्ली अवघड झाली की शॉर्टकट त्यांच्याकडे सरकतो. आपल्या दारातला धोका उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवणं याला सुधारणा म्हणता येत नाही. शक्य असेल तिथे पूर्ण वस्तीचा एकच आराखडा करा.

टप्पा ६: उपाय निवडा, हलक्यापासून जडाकडे

आधी मोकळं करा, मग अरुंद करा, मग वाकवा, मग उचला, आणि सगळ्यात शेवटी बंद करा. पहिल्या दोनांतच पुष्कळ वेळा काम भागतं.

मोकळं करणं. चौकाच्या आणि ओलांडण्याच्या जागेच्या अलीकडे किमान ५ मीटर गाडी उभी राहता कामा नये. नुसते पिवळे पट्टे मारून ती जागा मोकळी राहत नाही. तिथे सायकली लावायचे दांडे किंवा गुडघ्याएवढ्या उंचीच्या कुंड्या ठेवा. कुंडीतलं झुडूप माणसाच्या कमरेच्या वर गेलं की आंधळा कोपरा पुन्हा तयार झाला, हे लक्षात ठेवा.

अरुंद करणं. वस्तीतल्या रस्त्यावर एका दिशेच्या गाडीला ३ मीटर पुरतात. त्याहून जास्त जागा असेल तर ती वेगाच्या खात्यावर जाते. ओलांडण्याच्या जागी दोन्ही बाजूंचा फुटपाथ थोडा पुढे आणला की ७ मीटरचं ओलांडणं ५ मीटरवर येतं. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या वृद्ध माणसाचा गाड्यांसमोरचा वेळ पावणेनऊ सेकंदांवरून सव्वासहावर येतो. शिवाय पुढे आलेल्या फुटपाथवर उभं राहिलेलं मूल चालकाला दिसतं आणि मुलालाही गाडी दिसते. कोपऱ्याची गोलाईही अशीच आवळता येते. ८-१० मीटर त्रिज्येच्या ऐसपैस वळणावर गाडी वेग न सोडता वळते. ३-४ मीटरच्या वळणावर तिला हळू व्हावंच लागतं. मात्र कचऱ्याची गाडी आणि बंब वळतात की नाही ते आधी बघा.

वाकवणं. उभ्या गाड्यांची रांग काही अंतर डावीकडे, मग काही अंतर उजवीकडे अशी घेतली की सरळ रस्ता नागमोडी होतो. खर्च पट्ट्यांच्या रंगाचा. एक अट: रांगेची टोकं कुंडीने किंवा कठड्याने पक्की करा. गाड्या उभ्या नसतील त्या वेळी रस्ता पुन्हा सरळ आणि रुंद दिसतो, आणि ती वेळ नेमकी वेगाची असते.

उचलणं. इथे थोडं थांबतो, कारण गोंधळ इथेच सर्वात मोठा आहे. फूटभर रुंदीचा, टोकदार, कमरेत कळ आणणारा उंचवटा आपल्याला कडक आणि म्हणून चांगला वाटतो. प्रत्यक्षात तो हळू जाणाऱ्यालाच जास्त मारतो. वेगात आलेल्या गाडीची चाकं त्यावरून इतक्या झटकन जातात की धक्का स्प्रिंगमध्येच जिरतो. सायकलवाला, गरोदर बाई, पाठीचं दुखणं असलेला माणूस, रुग्णवाहिकेतला रुग्ण यांना मात्र पूर्ण बसतो. लांबट, गोलसर उंचवट्याचं उलट आहे. प्रवासाच्या दिशेने सुमारे ३.७ मीटर लांब आणि ७.५ ते १० सेंटिमीटर उंच असा उंचवटा ताशी पंचवीस-तीसने आरामात ओलांडता येतो आणि वेग वाढेल तसा तो जास्त जोरात उचलतो. आपल्याला हवा आहे तो हा.

जिथे माणसं रस्ता ओलांडतात तिथे सपाट माथ्याचा उंचवटा घ्या: दोन्ही बाजूंना सुमारे १.८ मीटरचा चढ आणि मधे ३ मीटर सपाट. तो फुटपाथच्या पातळीला आणला की चालणाऱ्याला खाली उतरावंच लागत नाही. गाडीला माणसाच्या पातळीला चढून यावं लागतं. बस किंवा बंबाचा मार्ग असेल तर आडवा पूर्ण उंचवटा टाळून १.६ ते १.७ मीटर रुंदीच्या वेगळ्या उशा बसवतात. मोठ्या गाडीची चाकं दोन्ही बाजूंनी जातात, मोटारीचं एक चाक तरी चढतंच. पण दुचाक्या दोन उशांमधून सुसाट जातात, म्हणून तुमची अडचण दुचाकींची असेल तर या वाटेला जाऊ नका.

बंद करणं. शॉर्टकटवर हाच एक उपाय मुळापर्यंत जातो. रस्त्याच्या मध्यावर खांब रोवून मोटारींना अडवायचं, चालणारे आणि सायकली आरपार. दोन्ही बाजूंच्या घरांपर्यंत गाडी जाते, फक्त इकडून तिकडे निघता येत नाही. व्हीलचेअर जायला खांबांमध्ये किमान ९० सेंटिमीटर मोकळे ठेवा आणि मधला खांब बंबवाल्यांना काढता येईल असा कुलपाचा घ्या. विरोध सगळ्यात जास्त याला होतो, म्हणून चाचणी घेतल्याशिवाय पक्कं करू नका.

हे करू नका: खडखडणारे आडवे पट्टे घरांजवळ नकोत, आवाजाने रहिवासी हैराण होतात आणि चालक त्यांना सरावतात. वेग उतरवण्यासाठी रस्ता एकेरी करू नका. समोरून कुणी येणार नाही हे कळलं की लोक जोरातच जातात.

टप्पा ७: जागा ठरवा

उपाय बरोबर आणि जागा चुकली, असंही पुष्कळदा होतं. दोन उंचवट्यांमधलं अंतर ६० ते १०० मीटर असावं. दीडशे मीटर सोडले की मधे गाडी पुन्हा वेग घेते, आणि ब्रेक-ॲक्सिलरेटरचा आवाज वाढतो तो वेगळाच. पहिला उंचवटा चौकातून आत शिरल्यावर ४०-५० मीटरांच्या आत हवा, म्हणजे गाडी तिथे पोचते तेव्हा मुळातच हळू असते.

वळणावर, तीव्र उतारावर, कुणाच्या फाटकासमोर, चेंबरच्या झाकणावर आणि बसथांब्यावर उंचवटा नको. दिव्याच्या खांबाजवळ हवा. झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली टाळा. आणि रस्त्याला अगदी काटकोनात घ्या. तिरका असेल तर दुचाकीचं पुढचं आणि मागचं चाक वेगवेगळ्या बाजूला ढकललं जातं.

कडेला पाण्यासाठी २०-३० सेंटिमीटर फट ठेवावी लागते आणि दुचाकीवाले तिथूनच निसटतात. फटीच्या अलीकडे एक जाड खांब रोवा, त्यावर रिफ्लेक्टर लावा. पाणी जातं, चाक जात नाही.

थांबा आणि तपासा: नकाशावर प्रत्येक उंचवट्याच्या जागी पाण्याचे बाण पुन्हा बघा. बाण अडतोय? जागा बदला.

टप्पा ८: परवानगी

रस्ता कुणाच्या ताब्यात आहे ते आधी शोधा. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज महिनोन्‌महिने फिरत राहतो. अर्ज एका पानाचा, सोबत मोजणीचं पान, नकाशा आणि ज्यांच्या दारासमोर काम आहे त्यांच्या सह्या. "गतिरोधक द्या" असं लिहू नका. "८५ व्या गाडीचा वेग इतका आहे, तो ३० वर आणायचा आहे, त्यासाठी या जागी या उपायांची चाचणी घ्यावी" असं लिहा. सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्क्यांनी वाढतो, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा सोबत जोडा.

सावधान: वर्गणी काढून स्वतः उंचवटा बांधू नका. तुमच्या उंचवट्यावर कुणी पडलं तर जबाबदारी तुमची.

टप्पा ९: आधी चाचणी, मग डांबर

खडू, रंग, शंकू आणि वाळूने भरलेल्या जड कुंड्या यांनी अरुंद करणं, वाकवणं, बंद करणं हे सगळं दोन दिवसांत उभं राहतं आणि चुकलं तर दोन तासांत हलवता येतं. रिकाम्या कुंड्या ठेवू नका; वाऱ्याने किंवा धक्क्याने रस्त्याच्या मध्ये येतात. प्रत्येक वस्तूला रात्री चमकणारी पट्टी हवी.

पहिल्याच दिवशी कचऱ्याची गाडी आणि जमल्यास बंब तिथून प्रत्यक्ष नेऊन बघा. चाकांची खूण कुंडीवर उमटली तर कुंडी हलवा, चालकाशी वाद घालू नका. पहिला आठवडा मोजणी करू नका, लोक बुजलेले असतात. सहा ते आठ आठवडे चालू ठेवा. शाळांच्या सुट्टीत सुरू करू नका, नाहीतर आकडे खोटे निघतात. आणि तक्रारींसाठी एकच वही, एकाच माणसाकडे. पहिल्या दहा दिवसांत येणाऱ्या तक्रारींवरून काहीही काढून टाकू नका. चौथ्या आठवड्यात तीच तक्रार पुन्हा आली तर मात्र ती खरी.

टप्पा १०: बांधकामाच्या दिवशी तिथे उभे राहा

लाकडी फळीवर उंचवट्याचा आकार कापून फर्मा करून घ्या. रोलर फिरल्यानंतर तो रस्त्यावर तीन ठिकाणी उभा धरा: दोन कडांना आणि मध्ये. उंची दाबल्यानंतरची मोजायची. दाबण्याआधीची मोजली तर उंचवटा कमी भरतो. दोन्ही टोकांना जुनं डांबर थोडं खरवडून नवं त्यात बसवायला सांगा. नुसतं वर ओतलं तर कडेला ओठ तयार होतो, तो चाकांनी तुटतो आणि तिथे खड्डा पडतो.

रंग, पाटी आणि दिवा त्याच दिवशी. आमच्या गल्लीत उंचवटा संध्याकाळी पूर्ण झाला आणि पट्टे पुढच्या आठवड्यात मारू म्हणून कंत्राटदार निघून गेला. काळ्या रस्त्यावर काळा उंचवटा. त्याच रात्री एका दुचाकीवर मागे बसलेल्या बाई उडून पडल्या, मनगट मोडलं. वर्षभर मागणी आम्हीच केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी जाऊन आम्हाला काय बोलावं ते सुचलं नाही. रंग वाळल्याशिवाय रस्ता उघडायचा नाही, ही अट तेव्हापासून मी कामाच्या कागदावर पहिली लिहून घेतो.

फुटपाथचं काम सोबत असेल तर चार गोष्टी टेपने तपासा. खांब आणि झाडं सोडून चालायला सलग १.८ मीटर मिळतात का. दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडायला तेवढे लागतात. उंची १५ सेंटिमीटरच्या वर गेलेली नाही ना. उताराचं प्रमाण १ ला १२ आहे का, म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १.८ मीटर लांबीचा उतार. आणि प्रत्येक फाटकापाशी फुटपाथ खाली-वर होत नाही ना; तो सपाट राहावा, गाडीने चढून जावं. फाटकागणिक उतरा-चढा करावं लागलं की लोक फुटपाथ सोडून रस्त्यावरूनच चालतात. अंध व्यक्तींसाठीच्या फरशा लावताना रेघांची फरशी चालण्याच्या वाटेवर आणि ठिपक्यांची थांबण्याच्या जागी हवी. ही अदलाबदल मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता मिस्त्रीजवळ उभा राहूनच पहिली फरशी लावून घेतो.

टप्पा ११: पुन्हा मोजा आणि लक्ष ठेवा

एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी, पूर्वीच्याच जागी, त्याच वारी, त्याच वेळी मोजा. उंचवट्यावरचा वेग मोजून खूश होऊ नका. दोन उंचवट्यांच्या बरोबर मध्ये मोजा. समांतर गल्लीतल्या गाड्याही मोजा. तिथे वाढल्या असतील तर काम अर्धंच झालंय, आणि पुढचा अर्ज त्या गल्लीसाठी तुम्हीच करायचा.

दर पावसाळ्यानंतर पट्टे, रिफ्लेक्टर, कडेची फट आणि झुडपांची उंची बघा. रस्त्यावर डांबराचा नवा थर येणार असल्याचं कळलं की लगेच रस्ते विभागात जा. भोवती ५ सेंटिमीटरचा थर चढला की १० सेंटिमीटरचा उंचवटा निम्मा उरतो आणि १५ सेंटिमीटरचा फुटपाथ १० वर येतो. जुना थर खरवडून मगच नवा टाकायचा, हे काम सुरू होण्याआधी लेखी घ्या, आणि फर्मा जपून ठेवला असेल तर तो त्या दिवशी पुन्हा बाहेर काढा.